दोन घातले, एक वाढले

आमच्या घरात शिक्षणाचा पहिला उपयोग झाला तो हमालीच्या चिठ्ठ्या वाचायला. माझे वडील बार्शीच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. त्यांच्याआधी आजोबा तेच काम करीत. आजोबांना अक्षरओळख नव्हती. वडील चौथीपर्यंत शाळेत गेले. त्यांना आकडे वाचता येतात, पण बेरजेवर त्यांचा विश्वास बसत नाही. म्हणून मी तिसरीत गेल्यापासून आमच्या घरचा एक नेम ठरून गेला. संध्याकाळी हातपाय धुऊन झाले की दिवसभराच्या चिठ्ठ्या वडील माझ्यापुढे ठेवीत आणि म्हणत, "बघ गं, बरूबर हाय का."

या बेरजा करता करता एक गोष्ट माझ्या मनात पक्की बसली. आकडा जुळला नाही की 'कोणीतरी खाल्ले' असे म्हणण्याची माणसाला फार घाई असते. पोते दोन किलो कमी भरले, तर ओले धान्य वाळून हलके झाले असेल, उसवलेल्या शिवणीतून सांडले असेल, किंवा काट्यातच दोष असेल, हे विचार मागाहून येतात. पहिली नजर वळते ती ज्याच्या पाठीवरून पोते आले त्याच्याकडे.

आता कॉलेजच्या वार्षिकात हे हमालपुराण कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्यातून पुढे लिहायचे आहे ते संगणकाच्या स्मृतीविषयी, आणि लिहिणारी आहे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची, मराठी आणि इतिहास घेतलेली विद्यार्थिनी! सायन्सचे मित्र हसतील, आर्ट्‌सचे पान उलटतील. तरी दोघांनाही विनंती की थोडे थांबावे. ही हकिकत यंत्राची असली, तरी तिच्यात एका माणसाची अब्रू अडकली होती.

मी संध्याकाळी पाच ते नऊ या वेळात एका झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात काम करते. माझी फी आणि पुस्तके त्यातून भागतात. जून-जुलै म्हणजे आमच्या दुकानाची सुगी. प्रवेशाचे अर्ज, महाडीबीटीवरचे शिष्यवृत्तीचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, सातबारे, सगळे याच दिवसांत येते. दुकानात दोन संगणक आहेत. त्यांतला माझ्या वाट्याचा संगणक जुना आहे. जुना म्हणजे किती, तर त्याची पेटी एका संगणकाची, आतला मदरबोर्ड दुसऱ्याचा आणि हार्ड डिस्क तिसऱ्याची. त्यावर 'डेबियन' नावाची लिनक्स प्रणाली घातलेली आहे. ती फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही बरी चालते, एवढ्याच हिशेबाने मालकांनी ती घेतली.

२०२५ च्या जूनमध्ये या संगणकाने अंग टाकले. एक अर्ज उघडला की ठीक. तीन उघडले आणि शेजारी फोटो लहान करायला घेतला की तो जागच्या जागी थबके. रांगेतली माणसे मला विचारीत, "ताई, झालं का?" आणि मी पडद्याकडे बोट दाखवी. आमच्या दुकानात येणारे बरेच लोक रॅमला 'राम' म्हणतात. मालक एक दिवस वैतागून म्हणाले, "या मशीनमध्ये आता राम राहिला नाही." बोलले ते थट्टेने, पण निदान अगदी बरोबर होते.

रॅम म्हणजे काय हे मी माझ्यापुरते असे समजून घेतले आहे. हार्ड डिस्क हे गोडाऊन आणि रॅम हा दुकानातला गल्ल्यापुढचा ओटा. माल गोडाऊनमध्ये कितीही असो, गिऱ्हाइकाला दाखवायचा तर तो ओट्यावर आणावा लागतो. ओटा लहान असला की एक वस्तू उचलून आत ठेवायची आणि दुसरी बाहेर काढायची, अशा येरझाऱ्यांतच वेळ जातो. आमच्या संगणकात दोन जीबीची एकच पट्टी होती. दुसरी जागा रिकामी होती. तेव्हा आणखी दोन जीबीची जुनी पट्टी घेऊन बसवायचे ठरले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक दादा बसतो. मोबाइल, चार्जर, संगणक, जे येईल ते तो दुरुस्त करतो. स्वतःचा गाळा नाही. एका टेलरच्या दुकानाच्या कडेला टेबल टाकलेले आहे. संगणकाची पेटी उघडायला, पट्टी कशी धरायची, तिच्या सोनेरी कडेला बोट कसे लावायचे नाही, हे सारे मला त्यानेच शिकवले. त्याने साडेतीनशे रुपयांत पट्टी आणून दिली आणि बसवूनही दिली. मालक म्हणाले, पैसे संध्याकाळी घेऊन जा.

संध्याकाळी मालकांनी संगणकाची माहिती उघडून पाहिली. तिथे चारच्या ऐवजी तीन जीबी दिसत होते.

हिशेब कोणालाही कळण्यासारखा होता. आधी दोन होते, दोन घातले, वाढले मात्र एक. मालकांनी पट्टी काढून तिच्यावरचे लेबल पाहिले. लेबलावर दोन जीबी छापलेले होते. तेव्हा त्यांनी निकाल दिला, "एकची पट्टी आणि वर दोनचं लेबल. फसवलं आपल्याला." दादा पैसे घ्यायला आला तेव्हा दुकानात सात-आठ माणसे होती. त्या सर्वांसमक्ष मालक त्याला म्हणाले, "पैसे कसले मागतोस? एक जीबी खाल्लास ना तू?" तो म्हणाला, "काका, मी दोनचीच दिलीय. आईशप्पथ." पण शपथेने आकडा वाढत नाही. पडद्यावर तीनच दिसत होते.

साडेतीनशे रुपये ही फार मोठी रक्कम नव्हे. पण ज्याच्याकडे गाळा नाही, पाटी नाही, पावतीपुस्तक नाही, त्याचे सारे भांडवल म्हणजे लोकांचा विश्वास. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर तीच गोष्ट चालली होती. तिसऱ्या दिवशी एका बाईने त्याच्याकडे टाकलेला लॅपटॉप न दुरुस्त करता परत नेला. मी तिला ओळखते. ती आमच्याच दुकानात झेरॉक्सला येते. हे बघून मला राहवेना. मी मालकांना म्हटले, "काका, एकदा मी बघू का?" ते म्हणाले, "तू बी.ए. करतेस. यात तुला काय कळणार?" नंतर थोडे थांबून म्हणाले, "रविवारी बघ. पण फॉर्म सगळे पेन ड्राइव्हवर घेऊन ठेव आधी."

शनिवारी रात्री जेवताना मी वडिलांना हे सांगितले. रॅम, जीबी यांतले त्यांना काही कळण्याचे कारण नव्हते. पण दोन अधिक दोन मिळून तीन भरतात आणि मधल्या माणसावर आळ येतो, हे त्यांना लगेच कळले. हातातला घास तसाच ठेवून ते म्हणाले, "आगं, दोन्ही पोती येकदम काट्यावर टाकून भांडान मिटतंय व्हय? येगयेगळी तोल की."

इतकी साधी गोष्ट! रविवारी सकाळी दुकानात गेले. संगणक बंद केला, वायर काढली, जुनी पट्टी बाजूला ठेवली आणि नवी एकटीच बसवून सुरू केला. दोन जीबीला थोडे कमी दिसले. मग नवी काढून जुनी एकटी बसवली. तितकेच दिसले. जागा बदलून पाहिल्या, तरी तेच. थोडे कमी दिसते ते दोन्ही वेळा सारखेच, कारण चित्र दाखवणारा भाग आणि खुद्द प्रणाली सुरुवातीलाच आपापला वाटा काढून घेतात. म्हणजे दोन्ही पट्ट्या दोन-दोनच्याच होत्या. दादाने काहीही खाल्लेले नव्हते. मालकांना मी दोन्ही वेळा पडदा दाखवला. ते गप्प झाले, पण त्यांचे समाधान झाले नाही. त्यांनी विचारले, "मग एक जातो कुठं?"

प्रश्न बरोबर होता. दादाची सुटका अर्धीच झाली होती. नुसते 'याने घेतले नाही' म्हणून लोकांच्या मनातला संशय जात नाही. 'मग कुठे आहे' हेही दाखवावे लागते.

आता इथे थोडे मागे जावे लागेल. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी एक कर्नल लिहायला घेतला. कर्नल म्हणजे प्रणालीचा गाभा. कोणत्या कामाला किती स्मृती द्यायची, कोणाची परत घ्यायची, डिस्कशी आणि छपाईयंत्राशी कोणी बोलायचे, हे सगळे तो ठरवतो. दुकानाच्या भाषेत म्हणायचे तर तो दिवाणजी. टोरवाल्ड्सच्या संगणकात इंटेलचा ८०३८६ हा प्रोसेसर होता. १९८५ साली आलेला हा प्रोसेसर ३२ बिटांचा होता, आणि आमच्या हकिकतीचे मर्म या ३२ आकड्यात आहे.

स्मृतीतल्या प्रत्येक घराला एक क्रमांक असतो. तो क्रमांक शून्य आणि एक या दोनच अंकांत लिहितात. ३२ जागा असतील तर असे किती क्रमांक होतील? एकाला दोनाने बत्तीस वेळा गुणत जायचे. मी वहीत गुणाकार करून पाहिला. उत्तर येते ४,२९,४९,६७,२९६. एका घरात एक बाइट, म्हणजे बरोबर चार जीबी. त्यापुढच्या घराला द्यायला क्रमांकच उरत नाही. घर असले तरी त्याचा पत्ता लिहिता येत नाही.

पण आमच्याकडे तर चारच जीबी होते. मग चार का दिसू नयेत? याचे कारण असे की क्रमांक फक्त रॅमलाच लागतात असे नाही. पडदा रंगवणारा भाग, नेटवर्कची चकती, मदरबोर्डवरची इतर उपकरणे यांच्याशी बोलायलाही प्रोसेसर तसलेच क्रमांक वापरतो, आणि ते चार जीबीच्या आतले, वरच्या टोकाचे क्रमांक असतात. आमच्या यंत्रात जवळजवळ एक जीबीभर क्रमांक असे राखून ठेवलेले निघाले. एस.टी.त पुढच्या काही जागा राखीव असतात ना, तसे. गाडी पन्नास जणांची खरी, पण राखीव जागांवर आपल्याला बसता येत नाही.

मग त्या क्रमांकांवर जी रॅम यायची तिचे काय होते? काही जुन्या मदरबोर्डांत ती वायाच जाते. त्यानंतरच्या अनेक मदरबोर्डांत अशी सोय असते की तेवढी रॅम उचलून चार जीबीच्या रेषेपलीकडे नेऊन ठेवायची आणि तिला पुढचे क्रमांक द्यायचे. संगणक सुरू होताना बायॉसच्या पडद्यावर 'मेमरी रिमॅप' असा पर्याय दिसतो, तो हाच. आमच्या यंत्रात हा पर्याय होता आणि चालूही होता. तो बंद असता तर आधी चालू करावा लागला असता. बायॉसच्या पडद्यावर एकूण स्मृती ४०९६ एमबी, म्हणजे पूर्ण चार जीबी, दाखवली जात होती. याचा अर्थ स्पष्ट होता. माल आला होता, तोललाही गेला होता. रेषेपलीकडच्या खोलीत ठेवलेलाही होता. फक्त त्या खोलीत जाण्याइतके लांब क्रमांक आमच्या दिवाणजीला लिहिता येत नव्हते.

यावर उपाय फार जुना आहे. १९९५ साली आलेल्या पेंटियम प्रो या प्रोसेसरात इंटेलने पीएई नावाची युक्ती घातली. तिच्यामुळे स्मृतीचा क्रमांक ३२ ऐवजी ३६ जागांचा झाला. चारच जागा वाढल्या, पण प्रत्येक जागेने क्रमांक दुप्पट होतात, म्हणून चार जीबीचे एकदम चौसष्ट जीबी झाले. कर्नल स्मृतीची वाटणी ४,०९६ बाइटांच्या पानांनी करतो आणि कोणते पान कुठे आहे याची एक सूची ठेवतो. पूर्वी सूचीतली एकेक नोंद चार बाइटांची असे, पीएईमध्ये ती आठ बाइटांची होते. म्हणजे खातेवहीचा रकाना रुंद केला, एवढेच. लिनक्सच्या २००१ साली आलेल्या २.४ या आवृत्तीपासून ही सोय आहे.

मग आमच्या २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ती का नव्हती? संगणकाला मी कर्नलचे नाव विचारले. नाव ६.१ या आकड्याने सुरू झाले आणि ६८६ या आकड्यावर संपले. पुढे 'पीएई' ही अक्षरे नव्हती. डेबियनने ३२ बिटांच्या यंत्रांसाठी दोन तऱ्हेचे कर्नल ठेवले होते. एक पीएईवाला आणि एक बिनपीएईचा. दुसरा अशा अगदी जुन्या प्रोसेसरांसाठी की ज्यांना पीएई ठाऊकच नाही. आमची डिस्क तिसऱ्याच संगणकातून आली, हे मी वर सांगितलेच आहे. तो संगणक फार जुना होता, म्हणून त्याला मानवेल असा कर्नल तिच्यात घातला गेला. पुढे तो संगणक भंगारात गेला, डिस्क नव्या पेटीत आली आणि तिच्याबरोबर तो दिवाणजीही आला. नव्या दुकानात गोडाऊन मोठे आहे, हे त्याच्या खातेवहीच्या गावीही नव्हते.

एक गोष्ट मात्र मला इथे मुद्दाम सांगायची आहे. कर्नल सुरू होताना आपण काय काय पाहिले याची एक लांबलचक नोंद ठेवतो. इंग्रजीत शेकडो ओळी असतात. मी डिक्शनरी शेजारी घेऊन त्या वाचल्या. सुरुवातीलाच बायॉसने दिलेला स्मृतीचा नकाशा होता आणि त्यात चार जीबीपलीकडचा तुकडाही होता. त्याखाली कर्नलने साफ लिहिले होते की चार जीबीच्या पलीकडचे वापरले जाणार नाही, कारण तशी सोय माझ्यात केलेली नाही. पट्टी बसवल्या दिवसापासून रोज सकाळी तो हे लिहीत होता. यंत्र खोटे बोलले नव्हते, दादाही खोटा बोलला नव्हता. आठवडाभर दोघेही खरे सांगत होते आणि ते ऐकायला कोणी बसले नव्हते.

आता राहिले काम. प्रथम प्रोसेसरच्या गुणांची यादी उघडून पाहिली. त्यात 'पीएई' होते. मग मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून पीएईवाला कर्नल उतरवून बसवला. ज्यांनी हे काम कधी केलेले नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगते, कारण ती मला फार आवडली. नवा कर्नल बसवताना जुना काढून टाकत नाहीत. दोघेही डिस्कवर राहतात. संगणक सुरू होताना एक यादी येते, तीत दोघांचीही नावे असतात. नव्याने काही घोटाळा केला, तर पुन्हा सुरू करून जुना निवडायचा आणि सोमवारचे दुकान चालू ठेवायचे. नवा नीट उभा राहिला याची खात्री पटेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही.

मी संगणक पुन्हा सुरू केला. मालक माझ्या खुर्चीमागे उभे होते. पडदा काळा झाला, ओळी पळाल्या आणि नेहमीचे चित्र आले. कर्नलचे नाव विचारले, शेवटी 'पीएई' आले. स्मृती विचारली. चार जीबीला थोडी कमी! मग मी शिष्यवृत्तीचे पाच अर्ज, एक फोटो आणि टायपिंगची फाइल एकदम उघडून ठेवली. संगणक एकदाही थबकला नाही. मालकांनी तोंडातल्या तोंडात "अस्सं" म्हटले आणि चहा सांगितला.

काही जाणकार म्हणतील की हे अर्धेच काम. आमच्या प्रोसेसरला ६४ बिटही येत होते, तेव्हा सगळी प्रणालीच ६४ बिटांची घालायला हवी होती. म्हणणे बरोबर आहे. पण ऐन हंगामात प्रिंटर, स्कॅनर, मराठी टायपिंग, सगळे पुन्हा पहिल्यापासून बसवणे दुकानाला परवडणारे नव्हते. ते काम दिवाळीच्या सुट्टीत केले. तसेही ते करावेच लागणार होते, कारण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या जुन्या संगणकांसाठी कर्नल देणे थांबवले. ज्या ८०३८६ वर लिनक्स जन्माला आले, त्याला तर लिनक्सने २०१३ साली आलेल्या ३.८ या आवृत्तीपासूनच निरोप दिला होता. यंत्रांच्या जगात कोणाचे उपकार फार काळ लक्षात ठेवत नाहीत, असे दिसते.

त्या रविवारी रात्री मी वडिलांना सगळे समजावून सांगितले. क्रमांक, राखीव जागा, पलीकडची खोली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हंजे माल होता, पर वहीत जागा नव्हती?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "आमचं बी तसंच हुतं की." मग त्यांनी आजोबांविषयी सांगितले. आजोबांनी तरुणपणी जन्मभराची म्हणावी इतकी पोती वाहिली, पण ती कुठल्याच वहीत नव्हती. कामगार म्हणून नाव नाही, रजा नाही, पाठ मोडली तर भरपाई नाही. इतिहासाच्या तासाला सरांनी १९६९ च्या महाराष्ट्रातल्या माथाडी कायद्याची माहिती दिली होती. हमालांची नोंद ठेवणारी मंडळे त्या कायद्याने स्थापन करता येऊ लागली. वर्गात ते सारे परीक्षेपुरते वहीत उतरवून घेतले होते. त्या रात्री पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. कायद्याने हमालांच्या अंगात नवे बळ घातले नव्हते. बळ आधीपासूनच होते. त्याने वहीचा रकाना रुंद केला.

माझ्यासारख्या घरांतून प्रथमच कॉलेजात आलेली मुले या वर्गांत पुष्कळ आहेत. आम्हाला काय येते, हे मोजण्याची जी मापे आहेत त्यांत आमच्याजवळचे सगळे मावते असे नाही. वडिलांना बेरीज येत नाही, हे मला आठव्या वर्षी कळले. भांडण कसे तोलायचे हे त्यांना येते, हे कळायला एकोणिसावे वर्ष यावे लागले. म्हणून कोणाचा आकडा कमी दिसला, तर माल कमी आहे की मोजणाऱ्याचे क्रमांक संपले आहेत, एवढे तरी पाहावे, असे मला वाटते. दर वेळी माल असेलच असे नाही; खरोखर एकची पट्टी दोन म्हणून विकणारेही बाजारात असतील. पण वेगवेगळे तोलून पाहायला पाच मिनिटे लागतात.

दादाचे पुढे काय झाले, हे सांगायला हवे. सोमवारी मालकांनी त्याला बोलावून साडेतीनशे रुपये दिले. वर म्हणाले, "बरोबर होती रे तुझी पट्टी. मशीनचाच घोळ होता." हे ते हळू आवाजात बोलले आणि तेव्हा दुकानात मी सोडून कोणी नव्हते. 'खाल्लास' हा शब्द मात्र सात-आठ जणांनी ऐकलेला होता. दादाने पैसे मोजले नाहीत, तसेच खिशात घातले आणि म्हणाला, "काका, टपरीवर पण सांगाल का तेवढं?" मालक म्हणाले, "सांगतो की." सांगितले की नाही, मला माहीत नाही. मी मात्र त्या लॅपटॉपवाल्या बाईंना झेरॉक्स देताना सगळी हकिकत सांगितली, आणि नंतर रांगेत उभ्या राहणाऱ्या बऱ्याच जणांना सांगितली. त्या बाई पुन्हा दादाकडे गेल्या की नाहीत, तेही मी विचारलेले नाही.

दादाने आता एक पद्धत पाडली आहे. रॅम विकताना तो आधी गिऱ्हाइकाला खुर्चीवर बसवतो, जुनी पट्टी काढून नवी एकटीच लावतो, आकडा दाखवतो आणि मगच दोन्ही बसवतो. वेळ जातो, कधी गिऱ्हाईक घाई करते. तो म्हणतो, "थांबा जरा. एकदा डोळ्यांनी बघून घ्या, मग पैसे द्या."